पहिल्या पाटीचा मान

सोमवार, २२ नोव्हेंबर १९९३, खुलताबाद

आज चिंचखोऱ्यात जे घडले ते क्रमाने:

१. सामूहिक गोबरगॅस संयंत्रात गावाने आजपासून रोज सकाळी शेण टाकायचे ठरले होते.
२. बानाबाई (मेंढपाळ घर, दोन म्हशी) सर्वांच्या आधी आल्या. मी त्यांची पाटी तोलली. त्यांनी ती हौदात ओतली.
३. थोड्या वेळाने सांडू पाटील आले. पाटी गड्याच्या डोक्यावर होती, फेटा पाटलांच्या.
४. पाटील म्हणाले, पहिली पाटी त्यांची पडायला हवी होती.
५. मी सांगितले की हौदात पाणी घालून कालवल्यावर कोणते शेण पहिले हे राहत नाही.
६. पाटील म्हणाले, "पोळ्याला माझा बैल म्होरं असतो. मंग त्याच बैलाचं शेण मागं कसं?"
७. बानाबाई म्हणाल्या, "बैल कितीबी म्होरं असू द्या पाटील, शेण मागूनच पडतं."
८. गाव हसले.
९. पाटील भरल्या पाटीसह परत गेले. गावातले जवळजवळ निम्मे शेण त्यांच्या एकट्याच्या गोठ्यात पडते.

तांत्रिक अडचण काही नाही.

मंगळवार, २३ नोव्हेंबर

सेलूकर साहेबांना अहवाल दिला. ते आमचे प्रकल्प अधिकारी. औरंगाबादला औरंगपुऱ्यात एका कापडदुकानाच्या माडीवर आमचे कार्यालय आहे. साहेबांच्या खुर्चीमागे त्यांनी स्वतः काढलेला आलेख आहे: जगातले तेल खाली जाणारे, सूर्य-वारा-शेण वर जाणारे. वर जाणारी रेघ १९९८ सालीच कागदाबाहेर गेली, म्हणून साहेबांनी ती पेन्सिलीने भिंतीवर पुढे नेली आहे. २०२० साल खिडकीच्या चौकटीपाशी येते.

"हिवराळे," ते म्हणाले, "जग बदलतंय आणि तुम्ही मला मानपानाच्या गोष्टी सांगताय?"

मी म्हटले, "जग बदलेल सर. पाटलांविषयी खात्री देता येत नाही."

दुपारी ते माझ्याबरोबर गावात आले आणि पारावर त्यांनी जाहीर केले: संयंत्राच्या खड्ड्यावरची लोखंडी टाकी गॅस साठला की वर येते, जानेवारीच्या तपासणीला ती लाल पट्ट्याला टेकली नाही, तर ती क्रेनने उचलून सिल्लोड तालुक्यात नेण्यात येईल. शेगड्याही काढून नेण्यात येतील. पुरुषांनी माना डोलावल्या. बायका भिंतीआड उभ्या होत्या. त्यांच्यात एकदम कुजबुज सुरू झाली.

कनिष्ठ अभियंता म्हणून माझी नेमणूक हंगामी आहे, ३१ जानेवारीपर्यंत. हे त्यांनी गावात सांगायची गरज नव्हती. त्यांनी सांगितले.

शनिवार, २७ नोव्हेंबर

पाटलांचे मन वळवण्यासाठी त्यांच्या घरी गेले.

पाटील: "मॅडम, तुमचं आडनाव काय म्हणालात?"
मी: "मी म्हणाले नव्हते."
पाटील: "नाय, आपलं सहज."
मी: "शेणाविषयी बोलू."

चहा आला. माझ्या कपाचा कान तुटलेला होता. पाटलीणबाई, म्हणजे सारजाबाई, तो कप आत घेऊन गेल्या आणि पाटलांच्या कपासारखा दुसरा घेऊन आल्या. पाटील त्यांच्याकडे पाहत राहिले. पहिला तुटका आहे हे आधी लक्षात आले नसावे, असे मी धरून चालते.

पाटलांनी शेण देण्यास नकार दिला. म्हणाले, "पहिली पाटी माझी पडंल तवाच." बानाबाईंना मी मागाहून विचारले, थोडे उशिरा याल का? त्या म्हणाल्या, "म्हैस माझी लवकर उठती. तिला सांगून बघ."

निघताना सारजाबाईंनी दाराशी थांबवले. "ताई, त्या शेगडीवर भाकर फुगती का वो?"

"फुगते. ज्वाळा निळी असली पाहिजे."

"आन् धूर?"

"शून्य."

त्या "शून्य" असे स्वतःशी पुन्हा म्हणाल्या. मग खोकल्या. त्यांचा खोकला जुना वाटतो.

मंगळवार, ३० नोव्हेंबर

पेंटरने संयंत्रावर पाटी रंगवली: अपारंपरिक ऊर्जा प्रकल्प. बानाबाईंनी मोठ्याने वाचून दाखवायला सांगितले आणि अर्थ विचारला.

"म्हणजे जी आपल्याकडे पूर्वापार चालत आलेली नाही, अशी ऊर्जा."

"शेण पूर्वी नव्हतं?"

"होते. गॅस नव्हता."

"शेण पोटात घातलं की वात होनार, ह्यात नवं काय गं?"

रासायनिकदृष्ट्या विधान बरोबर आहे.

टाकी लाल पट्ट्याच्या बरीच खाली. थंडी वाढली की गॅस आणखी कमी होईल.

रविवार, ५ डिसेंबर, औरंगाबाद

घरी आले. बाबा चिकलठाण्याला फिटर आहेत. ते म्हणाले, वाळूजला नवीन कारखान्यात मुली घेतात. न्यायला-आणायला बस, कँटीनला जेवण. "तिथं निदान लोखंडाचा वास येतो," ते म्हणाले आणि माझ्या पिशवीकडे पाहिले. मी पिशवी बाहेर नेऊन ठेवली.

सोमवार, ६ डिसेंबर

रजा. कारण: वैयक्तिक.

शनिवार, ११ डिसेंबर, खुलताबाद

टाकी चढली आहे.

मी नोंद तीनदा तपासली. तोललेले शेण तेवढेच. थंडी वाढलेली. नियमाप्रमाणे गॅस घटायला हवा, तो आठवडाभर वाढतो आहे. वजनकाटा मारवाड्याच्या दुकानात नेऊन तपासला. काटा बरोबर आहे. मारवाड्याने विचारले, "यावर काय मोजता?" मी सांगितले. त्याने स्वतःचा काटा पुसून घेतला.

आणखी एक. सकाळी मी पहिल्या एस.टी.ने पोचते तेव्हा मिश्रणाचा हौद आधीच ओला असतो. पाण्याच्या नळाची गळती असावी. आमच्या पाइपलाइनचे काम करणारे खुलताबादचे वहाबभाई यांना पाहायला सांगितले. ते म्हणाले, "होता है मॅडम. दव पडतंय ना आजकल."

"दव शेणाच्या रंगाचे नसते, वहाबभाई."

"मॅडम, इदर का दव अलगच है."

सोमवार, १३ डिसेंबर

सांडू पाटील स्वतः संयंत्रावर आले. त्यांच्या गोठ्यामागून शेण चोरीला जाते आहे. रोज. पंधरा-वीस दिवस झाले.

"उकिरडा वाढायचं नाव घेईना. गडी म्हणतो जनावरं कमी हागत्यात. मी म्हनलो, अठरा जनावरांनी काय एकदम उपास धरला?"

मी विचारले, चोराचा काही माग?

"लई हुशार चोर हाय. टोपलं नेतो, आन् धुऊन, पालथं घालून, जागच्या जागी ठिवतो. कुत्रंबी भुंकत नाय."

त्यांना पंचनामा हवा होता. हे माझ्या अधिकारात येत नाही असे मी सांगितले. शेजारी बानाबाई शेणकाला ढवळत होत्या. त्यांना ठसका लागला तो पाटील जाईपर्यंत थांबला नाही.

नोंद: चिंचखोऱ्यात शेण नाहीसे होत आहे. चिंचखोऱ्यात गॅस वाढत आहे. पहिली बाब पोलिसांची, दुसरी माझी.

शनिवार, १८ डिसेंबर

गॅस मोजण्याची रीत बदलून पाहिली. उत्तर तेच. किलोमागे छत्तीस लिटर हा पुस्तकातला आकडा, माझा अठ्ठावन्न. तीन शक्यता लिहून काढल्या: या भागातल्या चाऱ्यात काहीतरी विशेष असावे, बानाबाईंच्या ढवळण्याच्या पद्धतीमुळे जिवाणू जास्त जोमाने काम करत असावेत, किंवा पुस्तक चुकीचे असावे. तिसरी शक्यता मी सहजासहजी मान्य करणार नाही.

वहाबभाईंच्या हिशेबात पाइपचे तीन तुकडे कमी भरतात. "रास्ता टेढा है मॅडम, पाइप जास्ती गेला." मी रस्ता पुन्हा मोजणार होते, पण सारजाबाई आल्या. त्यांना शेगडीची नळी स्वच्छ कशी करायची ते शिकायचे होते. त्यांच्याकडे शेगडी नाही, तरी शिकायची इच्छा स्तुत्य आहे. मी सगळे नीट समजावले. त्यांनी दोन प्रश्न असे विचारले की जे प्रत्यक्ष शेगडी वापरणाऱ्यालाच सुचतील. हुशार बाई आहेत.

बुधवार, २२ डिसेंबर

पाटलांनी जेवायला बोलावले. चोरीबाबत मी शास्त्रीय मत द्यावे असा हेतू. ताटे बाहेर ओसरीवर होती. सारजाबाई आतून गरम भाकरी आणत होत्या.

पाटील म्हणाले, "मॅडम, तुमची विद्या मोठी, कबूल. पण ह्यो घास खा. चुलीवरची भाकर. लाकडाच्या जाळाची चव! गॅसवर ही चव यायची नाय. माझी आई म्हनायची, धुराबिगर भाकर म्हंजे मिठाबिगर वरण."

भाकरी उत्तम होती. दोन्ही बाजूंनी सारखी भाजलेली, कुठेही करपलेली नाही. स्वयंपाकघरातून धूर अजिबात येत नव्हता. त्या घराची हवा खेळती असावी. सारजाबाईंचा खोकलाही कमी झालेला दिसला. मी तसे म्हटले. त्या म्हणाल्या, "हवा बदलली ताई."

पाटलांनी पाच भाकरी खाल्ल्या आणि दर भाकरीला चुलीचे नाव घेतले. सारजाबाई दर वेळी पदर तोंडाला लावून आत गेल्या.

मंगळवार, २८ डिसेंबर, औरंगाबाद

साहेबांनी अठ्ठावन्नचा आकडा वाचला आणि उभे राहिले. मी म्हटले, "सर, कारण सापडेपर्यंत हा बाहेर पाठवू नये." ते म्हणाले, "हिवराळे, कारण मागून येतं. न्यूटनने सफरचंदाला आधी कारण विचारलं होतं का?"

आकडा पुण्याला गेला. संध्याकाळपर्यंत पुण्याहून दिल्लीला.

साहेब खुर्चीवर चढले आणि भिंतीवरची रेघ खोडून जास्त चढी काढली. आता २०२० साल पंख्याजवळ येते.

बुधवार, ५ जानेवारी १९९४

दिल्लीहून फॅक्स. एक आंतरराष्ट्रीय मंडळ जगातल्या अपारंपरिक ऊर्जेच्या भवितव्याचा अहवाल तयार करत आहे. त्याच्या मसुद्यातला एक तक्ता सोबत होता: जगातल्या सर्व गुराढोरांचे शेण, गुणिले अठ्ठावन्न. तळटीप: चिंचखोरा, भारत.

मी ती तळटीप बराच वेळ पाहिली. आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या म्हशींचे भवितव्य माझ्या एका टाकीवर टेकले आहे आणि त्या टाकीचा हौद रोज सकाळी का ओला असतो हे मला माहीत नाही.

साहेबांनी माझ्या कायम नेमणुकीची शिफारस केली आहे. कारण म्हणून तोच आकडा लिहिला आहे. मंडळाच्या तज्ज्ञांना संयंत्र दाखवायचे आहे. तपासणीही त्याच दिवशी. साहेबांनी तारीख कळवली: १४ जानेवारी. "संक्रांत. गोड दिवस."

रविवार, ९ जानेवारी

विद्यापीठाचा नामविस्तार चौदालाच होणार असे पक्के झाले आहे. शहरात जागोजाग बंदोबस्त. साहेबांनी मला विचारले, "त्या दिवशी जीप मिळेल ना?" मी म्हटले, त्या दिवशी जीप, पोलीस आणि मी, तिन्ही मिळणार नाहीत. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिले. मग म्हणाले, "हो, हो. अर्थात. तुम्ही... हो."

मंडळ फर्दापूरच्या विश्रामगृहात उतरले आहे. अठरा तारखेपर्यंत तिथेच थांबवायचे ठरले. तोवर त्यांना अजिंठा दाखवायचा.

शुक्रवार, १४ जानेवारी

झाले. सोळा वर्षे लागली.

बाबा दिवसभर रेडिओजवळ बसून होते. त्यांच्या कपाळावरची खूण अठ्ठ्याहत्तर सालच्या दंगलीतली आहे. ते तिच्याविषयी बोलत नाहीत. आईने खीर केली. बाबांनी माझे पदवीचे प्रमाणपत्र मागितले, पाहिले, म्हणाले, "यावर जुनंच नाव आहे."

"पदवी मिळाली त्या दिवशी तेच नाव होते, बाबा. प्रमाणपत्र अचूक आहे."

"अचूक आहे," ते म्हणाले आणि रडले. मी कारण विचारले नाही. शेजारी बसले.

रविवार, १६ जानेवारी, चिंचखोरा

बानाबाईंनी तिळगूळ दिला. "घे. गोड बोल म्हनत नाय मी तुला. तू नुसती बोल तरी, गोडाचं मागून बघू."

मग ढवळता ढवळता, माझ्याकडे न पाहता: "झालं म्हनं नाव. बरं झालं. तुझ्या बापाला सांग, बानाबाईनं तिळगूळ धाडलाय." आणि पदरातून दुसरी पुडी काढली.

मी त्यांना वडिलांविषयी कधी काही सांगितलेले नाही. आडनावही नाही.

"आगं, पहिल्याच दिवशी कळलं व्हतं गावाला," त्या म्हणाल्या. "गावाला शेणाबिगर दुसरा धंदा काय?"

टाकी लाल पट्ट्याच्या चार बोटे वर आहे.

मंगळवार, १८ जानेवारी

आजचे सविस्तर लिहिते.

मंडळ आले. चौघेजण. अजिंठा त्यांनी चार वेळा पाहिला आहे आणि आता कोणत्याही भिंतीकडे पाहायला ते तयार नाहीत. प्रमुख डेन्मार्कच्या इंगर बाई. उंच, पांढरे केस, सुती साडी उलट्या पदराने नेसलेल्या. दुभाषी मी. टाकी पाहिली, शेगड्या पाहिल्या, तपासणीच्या कागदावर सही झाली. संयंत्र गावातच राहणार हे ठरले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सेलूकर साहेबांनी भाषण केले त्यात ते एकविसाव्या शतकात गेले आणि परत येईनात.

इंगर बाईंनी विचारले, कुणी विरोधक आहे का? त्यांच्याकडे अशा कामात एक तरी असतोच.

पाटील पुढे झाले. "इचारा त्यास्नी, लाकडाच्या जाळावरची भाकर खाल्ली का कधी?"

मी भाषांतर केले. बाईंना खरी चूल पाहायची होती, तुलना म्हणून. पाटलांची छाती भरून आली. "चला! बघा म्हनावं आमचं पारंपरिक!"

सगळे निघाले. वहाबभाई माझ्या कानाशी म्हणाले, "मॅडम, रोको उनको." मी कारण विचारले. ते म्हणाले, "बस रोको." कारणाशिवाय थांबवणे शक्य नव्हते.

सारजाबाई स्वयंपाकघरात पाटावर बसून भाकरी भाजत होत्या. चुलीत राखसुद्धा नव्हती. तिच्यात कोंबडी अंडी उबवत बसली होती. भाकरी शेगडीवर होती. ज्वाळा निळी होती. वहाबभाईंचे पाइपचे तीन तुकडे भिंतीतून सुबक वळणाने येऊन शेगडीला मिळाले होते. जोडकाम मात्र निर्दोष.

भाकरी टम्म फुगली.

पाटील म्हणाले, "हे काय?"

"भाकर," सारजाबाई म्हणाल्या.

"कवापासून?"

"तुमी चुलीच्या चवीचं पुराण लावलं त्याच्या आधीपासून."

मला तेव्हा कळले. हौद, चोर, धुतलेले टोपले, अठ्ठावन्न. सगळे एकदम.

पाटलांचा आवाज चढला. "म्हंजे माझ्याच घरातलं शेण, माझ्याच बायकुनं..."

सारजाबाईंनी भाकरी उलटली. "वरडू नका, पाव्हणं हायत. तुमाला काय पायजे व्हतं? पहिली पाटी तुमची पडाया पायजे व्हती ना? रोज पहाटं, कोंबडं आरवायच्या आत, बानाबाईच्या आधी, मी सोता नेऊन टाकती. दोन म्हैने झाले. गावात रोज पहिली पाटी कुणाची पडती, इचारा बानाबाईला."

बानाबाई दारातून म्हणाल्या, "पाटलाची. मीच बाजूला हून वाट देती."

पाटील हळूच: "रोज?"

"रोज."

"एक दिस बी चुकला नाय?"

"आमुशालाबी नाय."

पाटलांनी फेटा सारखा केला. इंगर बाईंकडे वळले. "सांगा मॅडम त्यास्नी. ह्या गावात गॅसचा पहिला मान आमच्या घराण्याकडं हाय. पहिल्यापासून."

मी भाषांतर केले. सबंध, शेण आणि पहाटेसह. इंगर बाई इतक्या हसल्या की त्यांना पाटावर बसावे लागले. त्यांच्या गावात पहिली पवनचक्की कुणाच्या टेकडीवर, यावरून दोन भाऊ एका टेबलावर जेवेनासे झाले होते. शेवटी एकाच्या टेकडीवर चक्की आणि दुसऱ्याच्या हस्ते उद्घाटन. त्या म्हणाल्या, अहवालात आम्ही वारा मोजतो, ऊन मोजतो. हे मोजायला यंत्र नाही.

मग अंगणात आल्यावर त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला: पाटलांच्या शेणाने एवढा गॅस जास्त होतो, तर पाइप त्या पलीकडच्या घरांच्या अलीकडेच का थांबतो? ती घरे म्हणजे भीमनगर. अकरा उंबरे.

मी साहेबांकडे पाहिले. साहेबांनी आकाशाकडे.

परत येताना बानाबाईंना मी विचारले, मला का नाही सांगितलेत?

"कसं सांगनार? तू समदं लिहून ठिवतीस. पाटलाच्या चोरीचं लिवलं असतंस, तर सारजीचं काय झालं असतं?"

मी लिहिले असते.

गुरुवार, २० जानेवारी, औरंगाबाद

खरा हिशेब केला. पाटलांचे शेण धरले की आकडा पस्तीस येतो. पुस्तक बरोबर होते. संयंत्रही चांगले चालले आहे. नेहमीच्या, साध्या, चांगल्या रीतीने.

साहेबांना दाखवला. त्यांनी दार लावून घेतले. "पस्तीस? हिवराळे, पस्तीससाठी कुणी तळटीप देत नाही. तपासणी झाली, टाकी राहिली, तुमची नेमणूक होतेय. इंगर बाई हसल्या, विसरतील. अठ्ठावन्न राहू द्या."

"तो खोटा आहे, सर."

"थोडा आशावादी आहे." त्यांनी भिंतीवरच्या रेघेकडे हात केला. "जग तसंही तिकडेच चाललंय. वारा, ऊन, सगळं स्वस्त होणार. आपण थोडं आधी पोचलो, एवढंच."

जग तिकडे चालले असावे, असे मलाही वाटते. म्हणूनच ते आमच्या खोट्या आकड्यावरून जाऊ नये.

अडचण आणखी एक आहे, ती आज रात्री नकाशा काढताना दिसली. भीमनगरला पाइप न्यायचा तर जास्तीचे शेण कुठून येते ते कागदावर दाखवावे लागते. कागदावर पाटलांचे शेण नाही. अठ्ठावन्न राहिला तर पाटलांचे शेण अस्तित्वातच नाही, आणि पाटलांचे शेण नाही तर अकरा घरांचा गॅस नाही.

आजवर भीमनगरचा विषय मी स्वतः काढलेला नाही. मी काढला तर लोक काय म्हणतील याचा विचार करून. तो विचार तांत्रिक नव्हता.

शुक्रवार, २१ जानेवारी

पाटलांची संमती घेतली. त्यांचे शेण यापुढे उघडपणे, तोलून पडेल. अट एकच: वेळ पहाटेचीच. बानाबाईंनी म्हशीला समजावण्याचे मान्य केले. सारजाबाईंच्या नावाऐवजी कागदावर "पाटील कुटुंबाकडून" असे लिहिले आहे. हे पूर्ण अचूक नाही. तसेच ठेवणार आहे.

खालील मजकूर आज टपालात टाकला. प्रत इथे:

मा. प्रकल्प अधिकारी यांस,
चिंचखोरा संयंत्राचा किलोमागे अठ्ठावन्न लिटर हा मी दिलेला आकडा चुकीचा आहे. न तोललेले शेण रोज पहाटे पडत होते. दुरुस्त आकडा पस्तीस. माझ्या कायम नेमणुकीची शिफारस चुकीच्या आकड्यावर केलेली असल्याने ती मागे घ्यावी; पस्तीसवर करता येत असल्यास करावी. पाटील कुटुंबाचे शेण हिशेबात धरून भीमनगरच्या अकरा घरांना पाइप देण्याचा नकाशा जोडला आहे. मीही त्याच समाजाची आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. नकाशा तरीही बरोबर आहे, कुणाकडूनही तपासून घ्यावा.
आंतरराष्ट्रीय मंडळाचा अहवाल ३१ तारखेला छापायला जातो. दुरुस्ती कार्यालयातून जाणार की मी स्वतः इंगर बाईंना पाठवावी, हे कृपया शुक्रवार, २८ जानेवारीपर्यंत लेखी कळवावे.
उ. हिवराळे, कनिष्ठ अभियंता (हंगामी)